कुत्र्याच्या पाकिटातलं बहिणीचं भाडं

आपिसाको, १२ फेब्रुवारी

प्रिय आंपारोताई,

हे पत्र पोचेल तेव्हा तू, तुझे गुडघे, तुझा लेक आणि अंगणातलं ते हट्टी लिंबाचं झाड, सगळे ग्वादालुपेच्या मरियामातेच्या कृपेने धड असोत. आमचं विचारशील तर जिवंत आहोत. याहून जास्त काही हवं असेल तर आमच्या घरात आधी पाकीट उघडावं लागतं, म्हणून मी जास्त काही मागत नाही. डोळ्यांची चौकशी मी करत नाही, कारण केली की तू "आता काय उरलंय बघण्यासारखं" असं म्हणणार, आणि मग मला राग येणार. तुला अक्षर दिसत नाही, नूबियाच वाचून दाखवणार, हे ठाऊक आहे मला. (नूबिया, पोरी, मागच्या पत्राचा तू "मावशी बऱ्या आहेत, आठवण काढतात" एवढा गोषवारा सांगून मोकळी झालीस, ते मला कळलं. या वेळी शब्द न् शब्द वाच. शिव्या आल्या तरी गाळू नकोस. तुझ्या सासूने याहून मोठ्या ऐकल्यात आणि त्याहून मोठ्या दिल्यात.)

नऊ मार्चला तुझं ऑपरेशन, आणि पट्टी सुटेपर्यंत मी उशाशी बसणार, हा शब्द मी तुला दिलाय. नाताळात तुला फोनवर म्हणाले, "भाडं जमलं." जानेवारीत म्हणाले, "बघू." तू काही बोलली नाहीस, पण तुझं न बोलणं मला एर्मोसियोहून इथपर्यंत ऐकू येतं. नाताळ आणि जानेवारीच्या मध्ये काय झालं ते फोनवर सांगता येत नाही. एक तर फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते. दुसरं म्हणजे मोबाइलचं पाकीट महिन्याच्या मध्यावरच रिकामं होतं आणि मग पुढच्या पेन्शनपर्यंत आम्ही मुके. म्हणून लिहिते. पोस्टाचं पाकीट निदान माझं स्वतःचं आहे.

तर आमच्या घरात तक्ता शिरलाय. माझा एवारिस्तो गिरणीच्या भांडारातून निवृत्त झाला, हे तुला माहीतच आहे. तीस-बत्तीस वर्षं हा माणूस खिडकीपाशी बसून सही घेतल्याशिवाय कुणाला सुई देत नव्हता. निवृत्त झाल्यावर सुया संपल्या, सह्या संपल्या, राहिले मी. पहिले काही महिने तो नुसता घरातून फिरायचा आणि झाकणं उघडून बघायचा. मला दया यायची. (आली होती हे लिहून ठेवते, कारण पुढे तिचा कुठे मागमूस लागणार नाही.) मग शेजारच्या पोराकडून त्याने एक जुना कॉम्प्युटर घेतला, आणि त्यावर एका दाढीवाल्याचे व्हिडिओ बघायला लागला. दाढीवाला सांगायचा, घरातल्या प्रत्येक पेसोला काम नेमून द्या, कामाप्रमाणे पाकिटं करा, पाकीट संपलं की खर्च संपला, आणि हे सगळं नोंदवायला माझा हा तक्ता घ्या, अगदी मोफत.

मोफत! ताई, या मोफतपायी आमचे किती गेले ते सांगते तुला. पाकिटांचा गठ्ठा आणला. तीही साधी नाहीत, खिडकीवाली, आत किती आहे ते दिसावं म्हणून. रंगीत पेनं आणली. तक्ता कागदावर छापून आणला, तोही रंगीत, आणि तो ओला होऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून आणला. स्टेशनरीचं पाकीट तक्त्यात नव्हतंच, त्यामुळे पहिल्याच महिन्यात तक्ता लाल झाला. तो लाल झाला की एवारिस्तो पांढरा होतो. तेव्हापासून आमच्या घरात दोनच ऋतू आहेत.

आपल्या आईनेही पैसे वेगळे ठेवले होते की! मक्याचे एका डब्यात, मेणबत्त्यांचे दुसऱ्यात, औषधाचे पदरात. पण आईने कधी डब्यांची सभा नाही भरवली. आमच्याकडे दर रविवारी चर्चमधल्या मिसानंतर सभा असते. मी दमून आलेली असते, पायातले बूट काढायचे असतात, आणि हा टेबलाच्या टोकाला पाकिटं पत्त्यांसारखी मांडून बसलेला असतो. "एर्लिंदा, टोमॅटोचं काय झालं?" काय होणार टोमॅटोचं? खाल्ले! एकदा गॅसची गाडी गल्लीत ओरडत आली आणि गॅसच्या पाकिटात सिलिंडरपुरते नव्हते. मी म्हटलं, केस कापायच्या पाकिटातून घे, तुझ्या डोक्यावर आता कापण्यासारखं काही नाही. तो म्हणाला, तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्वावर काही शिजत नाही. गाडी निघून गेली, आणि आम्ही दोन दिवस पाव आणि एवोकाडो खाल्ले. मग पावाचं पाकीट रिकामं झालं, आणि त्याबद्दल वेगळी सभा झाली. तोर्तियाचे पैसे संपले तेव्हा मी प्रवासाच्या पाकिटातून घेतले, कारण तोर्तियाच्या दुकानापर्यंत मी चालत गेले होते, बसचे वाचले होते. हा हिशेब मला सरळ वाटला. त्याला त्यावर दोन तास बोलायचं होतं.

आणि तक्ता तरी कसला! तो दाढीवाला कुठल्यातरी बर्फाच्या देशातला. तक्ता यंत्राने आपल्या भाषेत आणलेला. त्यात पहिलीच ओळ: दारापुढचा बर्फ उपसणे. आपिसाकोत थंडी असते, कबूल, पण दारापुढचा बर्फ मी फक्त आइस्क्रीमवाल्याचा बघितलाय. त्याखाली तळघर गरम ठेवणे. त्याखाली कुत्र्याचा दवाखाना. मी म्हटलं, पुसून टाक. तो म्हणाला, ओळ पुसली की खालची बेरीज बिघडते, ओळी जशा आहेत तशाच ठेवायच्या. आणि ओळ आहे म्हटल्यावर तिचं पाकीटही हवंच. एक पाकीट बर्फाचं, एक तळघराचं (आम्हाला गच्ची आहे, तळघर नाही), आणि एक कुत्र्याचं. उलट आपल्याला जे लागतं ते त्यात नाहीच. मृतांच्या दिवसाच्या झेंडूला ओळ नाही. आपापल्या संताच्या, नावाच्या दिवसाला ओळ नाही. कुणाच्या बारशाला धर्मपिता व्हावं लागलं तर ओळ नाही. दाढीवाल्याला नातेवाईक नसावेत.

मागच्या सप्टेंबरात नूबियाने डोळ्याचं कळवलं, तेव्हा मी एवारिस्तोला सांगितलं, बहिणीसाठी पाकीट कर. त्याने सगळा तक्ता वरून खाली आणि खालून वर बघितला, आणि खरोखर कष्टी होऊन म्हणाला, "बहीण कुठेच बसत नाही गं." मग त्यातल्या त्यात मोकळी आणि दवाखान्याशी संबंधित अशी एकच ओळ त्याला सापडली. होय, ताई. तुझ्याकडे यायचं भाडं आमच्या घरात कुत्र्याच्या दवाखान्याच्या पाकिटात साठत होतं. मी बाजाराला कॉम्बी गाडीने न जाता पायी गेले, शेजारच्या पोरांच्या शाळेच्या गणवेशांना पैसे घेऊन दुमड घालून दिली, फाटकं एप्रन ठिगळ लावून वापरलं, आणि एक एक नोट आणून त्या कुत्र्याला घातली. रविवारी एवारिस्तो वाचायचा, "कुत्रं: उत्तम प्रगती." नाताळापर्यंत कुत्रं चांगलं गुटगुटीत झालं. जायचं-यायचं भाडं, शिवाय हॉस्पिटलात माझ्या जेवणापुरते. तेव्हाच मी तुला फोन केला होता.

मग आला सहा जानेवारी, तीन राजांचा दिवस. ज्याच्या रोस्काच्या, त्या गोड गोल पावाच्या तुकड्यात प्लास्टिकचा बाळ येशू निघतो त्याने दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी सगळ्यांना सालीत वाफवलेले तमाल खाऊ घालायचे, हे तू आणि मी बोलायला शिकायच्या आधीपासून जाणतो. दाढीवाल्याला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. तक्त्यात ओळ नाही. एवारिस्तो आदल्या दिवसापासून बेचैन. मला म्हणाला, या वर्षी आपण जाऊच नये. मी म्हटलं, तुझ्या बहिणीच्या घरची रोस्का आहे, नाही गेलो तर ती आपल्याला जिवंतपणी पुरेल. (फिलोमेना तुझ्या लक्षात असेलच. माझ्या लग्नात तुझ्या ड्रेसला पडदा म्हणाली होती ती.) मग वाटेत मला शिकवायला लागला. सुकामेव्याची पट्टी असते तिथून कापायचं, वळणाच्या जागी कापायचं नाही, आणि पातळ कापायचं. त्याने स्वतःला तुकडा कापला तो इतका पातळ की त्यातून समोरची भिंत दिसावी. एवढा कंजूष तुकडा त्या घरात कुणी कापला नसेल. आणि बाळ येशू बरोबर त्यातच निघाला.

मी शेजारीच बसले होते. मला त्याच्या दातांखाली कट् आवाज आलेला ऐकू आला. दुसरा एखादा माणूस हसला असता, बाहुला ताटलीत ठेवला असता, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या असत्या. ह्याने डोळे मोठे केले, चॉकलेटचा पेला उचलला, आणि घटाघट गिळला. बाहुल्यासकट! त्याचा कंठ वर गेला, तिथेच थांबला, मग खाली आला. चेहरा टोमॅटोसारखा. त्याचा धाकटा भाऊ पाठीत गुद्दे घालायला लागला, तेव्हा म्हणतो कसा, अंजीर अडकलं. त्या रोस्कात अंजीर नव्हतं.

इथे दुसऱ्या एखाद्या घरात विषय संपला असता. पण फिलोमेनाने बेकरीवाल्याला समोर उभं राहून पाच बाहुले घालायला लावले होते, आणि निघाले चार. झालं! जेवणघराची पोलीस चौकी झाली. तिने उरलेली रोस्का सुरीने भोसकून पाहिली. पोरांचे खिसे उलटे केले. टेबलाखाली वाकून बघितलं. मग सगळ्यांना तोंडं उघडायला लावली, तिच्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्या सासऱ्यांनाही, आणि त्यांची कवळी खाली पडली. शेवटी तिची नजर माझ्यावर थांबली. म्हणाली, "वहिनी आज फारच गप्प आहेत बाई. चॉकलेटही पटकन संपवलं." पेला माझा होता, ताई! ह्याने हाताला लागला तो उचलला होता!

मी बोलू शकले असते. जिभेच्या टोकावर होतं. मी एवारिस्तोकडे बघितलं, आणि त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या नजरेत असं काही होतं की माझं मनच विरघळलं. हा माणूस या भावंडांत आयुष्यभर 'एवारिस्तो, ज्याने तमालच्या भीतीने बाळ येशू गिळला' म्हणून राहील, त्याच्या थडग्यावरही तेच लिहितील, हे मला स्पष्ट दिसलं. म्हणून मी म्हटलं, "कुणी का गिळेना. तमाल माझ्याकडून." मोठेपणा म्हणतात त्याला. मला मात्र त्या क्षणी त्याच्या डोक्यात ते चॉकलेटचं भांडं घालावंसं वाटत होतं.

आणि सगळ्यांनी काय समजायचं ते समजलं. फिलोमेना "अस्सं" म्हणाली. ते 'अस्सं' अजून माझ्या कानात आहे.

घरी आल्यावर सभा. तमाल म्हणजे काय थोडं थोडकं? मक्याचं पीठ, डुकराची चरबी, कणसाची सालं, कोंबड्या, मोलेचा रस्सा, हिरव्या मिरच्या, गोडातल्या तमालला बेदाणे, वर प्यायला गरम आतोले. आणि खाणारी ती सगळी टोळी. एवारिस्तोने एक एक पाकीट उजेडात धरून बघितलं. बर्फात पाच पेसो होते. तळघरात तीन. गुटगुटीत एकच होतं. माझ्या डोळ्यांदेखत त्याने कुत्र्याचं पाकीट उघडलं. म्हणतो, ही नुसती पाकिटांमधली उसनवारी आहे, जुलैपर्यंत कुत्र्याला परत करतो, तक्त्यात पिवळ्या रंगाने नोंद केली आहे.

ऑपरेशन मार्चमध्ये आहे रे! बहिणीचे डोळे आहेत ते, पिवळ्या रंगाने नोंद नाही! मी त्या दिवशी काय काय बोलले ते नूबियाच्या तोंडी घालत नाही. बोलून झालं, मग बोलणंच बंद केलं. जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून त्या त्या पाकिटात घालायला लागले. साबणाच्या पाकिटात, "तुझे मोजे तू धू." औषधाच्या पाकिटात, "तुझ्यावर औषध नाही." तळघराच्या पाकिटात जे लिहिलं ते तुलासुद्धा सांगणार नाही. त्याने सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या, आणि बिचाऱ्याने त्यांची नोंद कुठे करावी हे त्याला कळेना.

तुला "बघू" म्हणाले ते तेव्हाच. फोन ठेवला आणि पिठाच्या पोत्यावर बसून रडले, तेही लिहून टाकते. एवढं साठवलं होतं मी. दुसऱ्या कुणाच्या पोटात गेलं असतं तर चाललं असतं, ते फिलोमेनाच्या पोटात जाणार होतं.

मग मला चढला राग. म्हटलं, कुत्र्याचेच पैसे उडवायचे ना? मग तळापर्यंत उडवते! हवं होतं त्याच्या दुप्पट सामान आणलं. शेजारणीचं मोठं वाफवायचं भांडं मागून आणलं, माझं होतंच. दोन दिवस पीठ मळलं, हात भरून आले. पिठाची गोळी पाण्यात तरंगली म्हणजे पीठ झालं, तसं माझं तरंगेना, तेव्हा मी प्रत्येक गुद्द्याला दाढीवाल्याचं नाव घेतलं, आणि तरंगलं. एवारिस्तो न सांगता सालं भिजवायला बसला. मी त्याला सालं कशी धरायची ते सांगितलं नाही. शिकला आपला आपण.

कांदेलारियाच्या दुपारी सगळी टोळी आली. खाल्लं, नावं ठेवली, पुन्हा खाल्लं. आणि चौथा तमाल सोलता सोलता फिलोमेना सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काही काही माणसं आधी देवाचा बाळ गिळतात, आणि मग दानशूर होतात." सगळे हसले. मी पाठ फिरवून आतोले ढवळत होते. ढवळतच राहिले. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. एवारिस्तो उभा राहिला होता. भांडाराच्या खिडकीत उभा राहायचा तसा, हात शर्टाच्या खिशावर.

म्हणाला, "बाहुला मी गिळला. एर्लिंदाला बोलायचं नाही."

फिलोमेनाच्या हातातला तमाल ताटलीत पडला. "तू? अरे पण का?"

"तक्त्यात ओळ नव्हती."

ताई, मग त्याचा धाकटा भाऊ असा हसला की त्याच्या नाकातून आतोले आलं, आणि मग सगळं घर. फिलोमेना एकटी हसली नाही. तिला वेगळाच प्रश्न पडला होता. तिने दबक्या आवाजात विचारलं, "मग आता कुठे आहे तो?" एवारिस्तोने खिशातून एक खिडकीवालं पाकीट काढलं. म्हणाला, "निघाला. धुतलाय. बाळ येशू आहे, कचऱ्यात कसा टाकणार?" आणि टेबलावर ठेवला. त्यानंतर त्या टेबलावर पाचवा तमाल कुणी मागितला नाही.

मी रागातच होते. पण त्या घोड्याने जन्माची थट्टा माझ्यासाठी अंगावर घेतली, हे काही मला ढवळताना दिसलं नाही असं नाही.

आणि तेव्हाच दारावर थाप. पलीकडच्या गल्लीतली शिंपीण, हातात रिकामं भांडं, घामाघूम. तिच्या नवऱ्याला कचेरीत बाहुला निघाला होता, आणि त्या शहाण्याला तो आज सकाळी आठवला. बाजारात फिरली, एक तमाल मिळेना. विचारत होती, दोन डझन विकाल का? तू सांग, कांदेलारियाच्या दिवशी या देशात अशी किती घरं असतील! एवारिस्तोने माझ्याकडे बघितलं. मी दुसऱ्या भांड्याकडे बघितलं, जे मी निव्वळ रागाने भरलं होतं. महिनाभरानंतरचा माझा त्याच्याशी पहिला शब्द होता, "वीक."

त्याने मग काय करावं? पाकिटं ठेवायचा बिस्किटाचा डबा घेऊन दारात खुर्ची टाकली. एका तमालला चरबी किती लागली, साल कितीचं, गॅस किती, सगळं त्याला तोंडपाठ, किंमत सेंताव्होपर्यंत सांगत होता. गिऱ्हाइकाने घासाघीस केली की त्याला हिरव्या मिरचीचा भाव समजावून सांगायचा, शेवटी माणूस कंटाळून पैसे द्यायचा. शिंपिणीने चौकात सांगितलं, चौकातून बातमी स्टेशनपर्यंत गेली, आणि गल्लीत रिकामी भांडी घेऊन रांग लागली. घरी न्यायला म्हणून नातेवाइकांनी बांधून घेतलेले तमालही मी परत सोडवले. फिलोमेनाला सांगितलं, बाई, बाह्या वर कर आणि पीठ मळ, माझ्या चॉकलेटच्या पेल्याची भरपाई समज. मळलं तिने! तक्रार केली, पण मळलं. संध्याकाळी दोन्ही भांड्यांच्या तळाला पाणी तेवढं उरलं.

दुसऱ्या दिवशी कुत्रं पुन्हा पहिल्यासारखं. थोडं जास्तच. एवारिस्तो कॉम्प्युटरपुढे बसला. मग मला हाक मारली आणि दाखवलं. कुत्र्याच्या वर त्याने एक नवी ओळ घातली होती, तुझ्या नावाची. म्हणाला, "उगीच कुत्र्यात कशाला." आणि बटण दाबलं. ताई, त्या क्षणी सगळा तक्ता कोसळला. वरपासून खालपर्यंत सगळीकडे चुकीच्या खुणा. टोमॅटो नाहीत, गॅस नाही, बर्फसुद्धा नाही. सगळं लाल. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, म्हटलं आता हा माणूस आडवा होतो. तो एवढंच म्हणाला, "मोफत होता ना." आणि कॉम्प्युटर बंद केला.

तर असा हा सगळा मूर्खपणा. माझं मत विचारशील तर पैसा ही हाताने आणि डोक्याने सांभाळायची गोष्ट आहे. जो माणूस बर्फाला पाकीट देतो आणि बहिणीला देत नाही त्याचं शहाणपण त्याच्या दाढीत राहो. नूबियाने एवढं सगळं वाचलं असेल तर तिला पाणी दे.

तुझे दोन्ही हात माझ्या गालाला लावून घेते, लांबूनच,
तुझी धाकटी,
एर्लिंदा

ता. क. तिकीट काढलंय. चार मार्चला निघते, सहाला सकाळी एर्मोसियोच्या स्टँडवर. घ्यायला कुणी आलं नाही तरी चालेल, मी तोंडाने विचारत येईन.

ता. क. दुसरा. एवारिस्तो विचारतो, तुमच्याकडे पाण्याचं बिल महिन्याला येतं की दोन महिन्यांनी. तो आता पट्टीने वहीत रेघा मारून स्वतःचा तक्ता करतोय. त्यात झेंडू आहे, तमाल आहेत, नावाचे दिवस आहेत, आणि तू आहेस. खरं म्हणजे पाकिटं नसती तर तुझं भाडं जमलंच नसतं. मी गणवेशांचे पैसे आल्या दिवशी खर्च करणारी बाई आहे, तुला माहीत आहे. हे तुमच्यापैकी कुणी त्याला सांगितलं तर मी तुमच्याशी बोलणार नाही.

ता. क. तिसरा. नूबिया, हे मोठ्याने वाचू नकोस. "संपलं" म्हण आणि उठून खिडकीपाशी ये. डॉक्टर तुला बाजूला घेऊन जे म्हणाले, एक डोळा गेलाच आणि दुसऱ्याची खात्री नाही, ते तू मला फोनवर सांगितलंस, ते आपल्या दोघींतच राहू दे. ताईला ऑपरेशनच्या आधी कळता कामा नये. मी परतीचं तिकीट काढलेलं नाही. पैसे होते, तरी काढलं नाही. एवारिस्तोने विचारलं, परत कधी येशील, तेव्हा त्याला खरं ते सांगितलं. त्याने वहीचं नवं पान उघडलं आणि विचारलं की राजमा किती तास भिजवायचा. तू पहाटे कारखान्यात जातेस, तुझा नवरा ट्रकवर. पट्टी सुटल्यावर तिला दिसलं तर उत्तमच, मी चार दिवस भांडून परत येईन. नाही दिसलं तर तिला हाताला धरून बाजारात न्यायला, मिसाला न्यायला, आणि तिच्यावर ओरडायला कुणीतरी हवंच, आणि ते तिला माझंच चालतं. तुमच्या घरावर भार नको म्हणून माझा खर्च मी तमाल विकून काढीन. तेवढ्यासाठीच तुला विचारायचं होतं: तुझ्या स्वयंपाकघरात, चुलीच्या बाजूला, माझं मोठं वाफवायचं भांडं मावेल का? नसेल मावत तर स्पष्ट कळव, ते मी इथे ठेवून येते. मी येतेच आहे.